ब्रॅडमनची सरासरी, फेल्प्सची पदके आणि शंभर मीटर लंगडी

अर्धविराम:
‘शतांश’ यांनी काल लिहिले की, सर्व खेळांतला सर्वकाळचा सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण हा प्रश्न ऑस्ट्रेलियाचा क्रिकेटपटू डॉन ब्रॅडमन शेवटची कसोटी खेळला त्या १९४८ सालीच सुटलेला आहे, त्याच्या कसोटी फलंदाजीच्या सरासरीचा ९९.९४ हा आकडा ज्याला समजतो त्याने गप्प बसावे आणि ज्याला समजत नाही त्याने आधी संख्याशास्त्र शिकून यावे. मी संख्याशास्त्र शिकलेली आहे आणि तरीही गप्प बसणार नाही, म्हणून हे लांबलेले उत्तर.

आकड्याशी माझा वाद नाही. किमान वीस कसोटी खेळलेल्या फलंदाजांत ब्रॅडमननंतरचे सगळे एकसष्टच्या आसपास येऊन थांबतात आणि हा एकटा शंभरीच्या उंबरठ्यावर उभा राहतो, हे मलाही विलक्षण वाटते. माझा वाद आहे तो ‘म्हणून तो सर्व खेळांत सर्वश्रेष्ठ’ या वाक्यातल्या ‘म्हणून’शी. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकातली दरी जशी पहिल्याच्या उंचीमुळे पडते, तशीच ती त्या खेळाचे दार किती जणांना उघडे होते यावरही ठरते. ब्रॅडमन ५२ कसोटी सामने खेळला. त्यांतले ३७ एकट्या इंग्लंडविरुद्ध होते आणि सर्वच्या सर्व ऑस्ट्रेलिया किंवा इंग्लंड या दोनच देशांत झाले. इंग्लंडविरुद्ध त्याची सरासरी ८९.७८ आहे, भारताविरुद्ध १७८.७५ आणि दक्षिण आफ्रिकेविरुद्ध २०१.५०. आता याच्या शेजारी धावणे ठेवून पाहा. त्याला दोन पाय आणि मोकळी जागा याखेरीज काही लागत नाही. तिथे उसेन बोल्टने २००९ साली बर्लिनमध्ये ९.५८ सेकंदांची वेळ नोंदवली, आणि त्याच्यानंतरचे वेगवान धावपटू आजवर ९.६९ च्या पुढे जाऊ शकलेले नाहीत. हे अंतर जेमतेम अकरा शतांश सेकंदांचे आहे. ही दरी लहान दिसते कारण तिथे गर्दी मोठी आहे, आणि या दोन दऱ्या एकाच फूटपट्टीने मोजणे मला संख्याशास्त्र वाटत नाही.

माझे मत विचाराल तर अमेरिकेची बेब डिड्रिकसन. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांना तीनपेक्षा अधिक प्रकारांत उतरण्याची परवानगी नव्हती. तिने त्या तिनांत भालाफेक आणि ८० मीटर अडथळ्यांची सुवर्णपदके व उंच उडीचे रौप्यपदक मिळवले. त्याच वर्षीच्या अमेरिकन राष्ट्रीय स्पर्धेत ती एकटीच एक संघ म्हणून उतरली आणि बावीस जणींच्या संघाला मागे टाकून तिने सांघिक विजेतेपद नेले. पुढे ती गोल्फकडे वळली, दहा मोठ्या स्पर्धा जिंकली, आणि त्यांतली १९५४ ची अमेरिकन खुली स्पर्धा तर कर्करोगाच्या शस्त्रक्रियेच्या पुढच्याच वर्षी बारा फटक्यांच्या फरकाने जिंकली.

दाराबद्दल मी इतकी हट्टाने बोलते याला कारण आहे. शाळेत असताना मी तिहेरी उडीचा सराव मुलांबरोबर करत असे आणि त्यांच्यातल्या निम्म्यांहून लांब जात असे. स्पर्धेच्या दिवशी समजले की मुलींसाठी हा प्रकारच ठेवलेला नाही. ऑलिम्पिकमध्येसुद्धा स्त्रियांची तिहेरी उडी १९९६ साली आली. माझी सरासरी काढायची झाली तर भागाकार कशाने करायचा, हे शतांश यांनी सांगावे.

शतांश:
आपल्या तिहेरी उडीबद्दल मला मनापासून वाईट वाटते. पण त्यामुळे ब्रॅडमनची सरासरी कमी होत नाही. मी बारा वर्षे गुणलेखकाचे काम केले आहे आणि त्या वह्यांत पहिला फलंदाज दुसऱ्याच्या दीडपट आहे असे एकाही हंगामात घडलेले नाही, मग तो खेळ कितीही मूठभरांचा का असेना. दार अरुंद असल्याने दरी पडते हे खरे असते, तर त्याच काळातल्या, त्याच दारातून आत आलेल्या वेस्ट इंडिजचा हेडली आणि इंग्लंडचा सटक्लिफ या फलंदाजांनाही ती पाडता यायला हवी होती. ते साठीतच राहिले. १९३२-३३ साली तर केवळ या एका माणसाला रोखण्यासाठी इंग्लंडने शरीरवेधी गोलंदाजीची योजना आखली, आणि तिच्यासमोरही त्याने ५६.५७ ची सरासरी राखली. इतरांची कारकीर्द त्या आकड्यावर धन्य होते. शिवाय ऐन उमेदीची आठ वर्षे युद्धाने त्याला कसोटी खेळू दिली नाही. शेवटच्या डावात इंग्लंडच्या हॉलीजने दुसऱ्याच चेंडूवर त्रिफळा उडवला नसता आणि चार धावा झाल्या असत्या, तर आज हा वाद निदान दशांश चिन्हाविना झाला असता.

आणि आता आपलीच फूटपट्टी आपल्यालाच लावतो. १९३२ साली जगातल्या किती स्त्रियांना भाला हातात घेण्याची मुभा होती? त्या काळी गोल्फ खेळणाऱ्या स्त्रिया किती होत्या? ब्रॅडमनचे दार अरुंद आणि डिड्रिकसनचे प्रशस्त, हे कोणत्या हिशेबाने?

वाचनमात्र:
मुहंमद अली यांचे नाव अजून कोणी घेतलेले नाही, याचे आश्चर्य वाटते. वयाच्या पंचविसाव्या वर्षापासून अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत, म्हणजे मुष्टियोद्ध्याच्या सर्वोत्तम काळात, युद्धावर जायला नकार दिल्याबद्दल ज्याला रिंगणाबाहेर ठेवले गेले आणि ज्याने परत येऊन १९७४ साली तेव्हाच्या जगज्जेत्या फोरमनला हरवले, त्याला सरासरीत कसे बसवणार?

मध्यरात्र:
इतका खल करण्याचे कारणच नाही. ऑलिम्पिकमध्ये सगळे जग उतरते आणि तिथे अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल फेल्प्स याची पदके २८ आहेत, त्यांतली २३ सुवर्ण. २००८ साली बीजिंगला एकाच स्पर्धेत आठ सुवर्णपदके मिळाली. पदके मोजावीत आणि विषय संपवावा.

निवृत्त पंच:
पदके मोजणाऱ्यांनी आधी पदके वाटली कशी जातात ते पाहावे. जलतरणात तेच अंतर चार वेगवेगळ्या प्रकारे हातपाय हलवून कापले की चार पदके मिळतात, चारही प्रकार एकत्र केले की पाचवे मिळते आणि चौघांनी मिळून कापले की सहावे. धावण्यात ही सोय ठेवायची ठरवली, तर शंभर मीटर सरळ धावणे, शंभर मीटर उलटे धावणे आणि शंभर मीटर लंगडी अशा तीन शर्यती ठेवाव्या लागतील, आणि मग बोल्टच्या पदकांना घरात जागा पुरणार नाही.

मी आयुष्यभर हॉकीचे सामने सांभाळले. ध्यानचंद यांनी १९२८, १९३२ आणि १९३६ अशा तीन ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळवले. ॲम्स्टरडॅमला भारताने केलेल्या २९ गोलांपैकी १४ त्यांचे होते आणि भारतावर एकही गोल झाला नाही. बर्लिनच्या अंतिम सामन्यात यजमान जर्मनीला ८-१ असे हरवले. या सगळ्याची पदके तीन, कारण हॉकीत संपूर्ण स्पर्धा खेळून एकच पदक मिळते. १९७६ साली मॉन्ट्रियलला गवत गेले, कृत्रिम मैदान आले आणि ज्या मनगटी कलेवर हा खेळ उभा होता तिची किंमतच उतरली. त्याबद्दल मी पुष्कळ लिहू शकतो, पण इथे आवरतो.

अर्धविराम:
शतांश यांचा मुद्दा मला लागला. डिड्रिकसनचेही दार अरुंद होते, हे मी नाइलाजाने मान्य करते. फक्त तिच्या बाबतीत ते बाहेरच्यांसाठीच नव्हे, आत आलेल्या तिच्यासाठीही अर्धेच उघडे होते, एवढे नमूद करून ठेवते.

पंचमहोदय, ध्यानचंद यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून विचारते. १९३२ च्या हॉकीत संघ तीनच होते, आणि अमेरिकेने एक सामना २४-१ असा व दुसराही हरून कांस्यपदक मिळवले. तिथले दार तर जवळजवळ बंदच म्हणायचे. पदके वाटण्याच्या पद्धतीवर टीका करताना हे कांस्यपदक आपल्या स्मरणातून निसटले काय?

फुलपाखरू:
मी सहसा वाचून पुढे जातो. पण ‘लंगडी’ या शब्दाने आज ते अशक्य केले. मी आठ वर्षे स्पर्धात्मक पोहलो आहे, २०० मीटर बटरफ्लाय, म्हणजे दोन्ही हात एकदम पाण्याबाहेरून पुढे टाकत पोहणे, हा माझा प्रकार होता. शेवटच्या पन्नास मीटरमध्ये हात पाण्याबाहेर येण्यास नकार देतात आणि भिंत जवळ येण्याऐवजी मागे सरकते आहे असे वाटू लागते. एका वर्षी, पंच म्हणतात त्याच हिशेबाने, स्वस्तातले आणखी एक पदक मिळेल या आशेने मी ब्रेस्टस्ट्रोकलाही नाव दिले. आठ जणांत आठवा आलो. त्याचे कारण असे की त्या शैलीला वेगळे गुडघे, वेगळे घोटे, वेगळा श्वास आणि वेगळी लय लागते. ब्रिटनच्या ॲडम पीटीने ब्रेस्टस्ट्रोकमध्ये जग जिंकले, पण वैयक्तिक ऑलिम्पिक पदक त्याला दुसऱ्या कोणत्याही शैलीत मिळालेले नाही. चार शैली म्हणजे चार लंगड्या असत्या, तर त्याच्याही घरात जागा उरली नसती.

बीजिंगमध्ये फेल्प्स नऊ दिवसांत प्राथमिक, उपांत्य आणि अंतिम फेऱ्या धरून सतरा वेळा पाण्यात उतरला. २०० मीटर बटरफ्लायच्या अंतिम फेरीत त्याच्या चष्म्यात पाणी भरले, समोरचे काही दिसेना, तेव्हा हातांचे फेरे मोजत तो भिंतीपर्यंत गेला आणि विश्वविक्रम करून वर आला. १०० मीटर बटरफ्लायमध्ये वळणावर तो सातवा होता आणि सर्बियाच्या मिलोराद चाविचला त्याने एका शतांश सेकंदाने हरवले, कारण चाविच भिंतीकडे तरंगत गेला आणि फेल्प्सने अर्धा हात आणखी मारला. पंच महाशय, आपण कधी पाण्यात उतरला आहात काय?

निवृत्त पंच:
मला पोहता येत नाही. गाता न येणाऱ्यालाही बेसूर कळते.

आणि पाण्याचीच गोष्ट काढलीत म्हणून विचारतो, की त्या विक्रमांत पोहणारा किती होता आणि पोशाख किती? २००८ साली ते नवे झुळझुळीत पोशाख आले, २००९ साली रोमच्या जागतिक स्पर्धेत एकाच आठवड्यात ४३ विश्वविक्रम झाले, आणि २०१० पासून त्या पोशाखांवर बंदी घालावी लागली. त्याच रोममध्ये २०० मीटर फ्रीस्टाइलला जर्मनीच्या बीडरमान याने आपल्या फेल्प्सला मागे टाकले. ज्या खेळात शिंप्याने विक्रम होतात, त्या खेळातला माणूस सर्वश्रेष्ठ कसा?

फुलपाखरू:
आपण अर्धे रोम सांगितलेत, उरलेले मी सांगतो. बीडरमानचा पोशाख फेल्प्सच्या पोशाखाहून नवा आणि अधिक वेगवान होता, म्हणूनच तो निकाल इतका गाजला. त्याच स्पर्धेत चाविचनेही तसाच नवा पोशाख घातला होता, फेल्प्स आपल्या जुन्याच पोशाखात उतरला, आणि १०० मीटर बटरफ्लाय पन्नास सेकंदांच्या आत पोहणारा जगातला पहिला माणूस ठरला, वेळ ४९.८२. शिंप्याचा सिद्धान्त चाविचच्या अंगावर का चालला नाही, हे सांगावे. आणि बंदीनंतर २०१२ व २०१६ साली त्याने मिळवलेली नऊ सुवर्णपदके कोणी शिवून दिली, तेही सांगावे.

इतकी वर्षे सामने सांभाळलेल्या माणसाने एकच बाजू पाहून शिट्टी वाजवावी, याचे वाईट वाटते.

निवृत्त पंच:
माझ्या शिट्टीवर येण्याचे कारण नव्हते. मी चुकीचा दिलेला एक पेनल्टी स्ट्रोक मला अजून झोपेत दिसतो, आणि त्या रात्री हरलेल्या संघाच्या कर्णधाराकडे जाऊन मी चूक कबूल केली होती. बाजू न पाहता निर्णय देणारा माणूस असे करत नाही.

४९.८२ ची गोष्ट मला ठाऊक नव्हती. रोमचा मुद्दा मागे घेतो. लंगडीचा घेत नाही.

शतांश:
एका गुणलेखकाच्या नात्याने नोंद करतो, की मूळ प्रश्न सर्वश्रेष्ठ खेळाडूचा होता आणि आपण सध्या पोहण्याच्या पोशाखांवर आहोत. दरम्यान अर्धविराम यांच्या आग्रहाखातर मी डिड्रिकसनबद्दल रात्री बसून वाचले. एकटीने सांघिक विजेतेपद घेण्याची गोष्ट मला आधी दंतकथा वाटली होती. ती खरी आहे. तिला दुसऱ्या क्रमांकावर ठेवायला माझी हरकत नाही. पहिला क्रमांक रिकामा झाल्यास कळवण्यात येईल.

अर्धविराम:
दुसरा क्रमांक दिल्याबद्दल आभार. उंच उडीतही तिने सुवर्णपदक विजेतीइतकीच उंची पार केली होती आणि पद्धत नियमबाह्य ठरवून तिला रौप्य देण्यात आले, तेव्हा अशा दुसऱ्या क्रमांकाची तिला सवय आहे.

निवृत्त पंच:
फुलपाखरू यांच्यासाठी तडजोड म्हणून लिहितो. बीजिंगची पाच वैयक्तिक सुवर्णपदके मला मान्य आहेत, वेगवेगळ्या घोट्यांसह. रिलेची तीन मान्य नाहीत; तिथे चौघांचे काम एकाच्या नावावर मोजले जाते, आणि हॉकीत अकरा जण असूनही आम्ही तसे करत नाही.

फुलपाखरू:
तिनांपैकी दोन मी सोडणार नाही. चार गुणिले शंभर फ्रीस्टाइल मात्र फेल्प्सपेक्षा त्याचा संघसहकारी जेसन लेझॅक याची म्हणावी लागेल. शेवटच्या लांबीत फ्रान्सचा बर्नार स्पष्ट पुढे होता आणि लेझॅकने त्याला गाठून आठ शतांश सेकंदांनी मागे टाकले, त्या वेळी फेल्प्स काठावर उभा राहून आपल्यासारखाच ओरडत होता. तेवढे एक सोडतो.

निवृत्त पंच:
म्हणजे सात झाली. उरलेल्या दोन रिलेंकडे उद्या पाहू.