नवख्या जोडीदारासोबत मांडवा ते अलिबाग सायकलने

प्रश्न: माझी पत्नी नुकतीच सायकल शिकली असून तिला घाटाची आणि मागून येणाऱ्या ट्रकची धास्ती वाटते, मुंबईहून एका दिवसात जमेल असा मार्ग कृपया सुचवावा.

उत्तर: भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत (वाहने थेट आत नेता येणाऱ्या बोटीत) सायकली चढवाव्यात. तासाभरात मांडवा येते आणि तेथून अलिबाग सुमारे २० किलोमीटर, बहुतांश सपाट आहे. शनिवार-रविवार टाळावा, कारण त्याच बोटीतून मोटारीही उतरतात. त्यांची रांग पुढे जाऊ द्यावी आणि मगच निघावे.

आणखी एक उत्तर: सीटची उंची आधी तपासावी. आमच्या यजमानांचे गुडघे दुखले ते केवळ सीट दोन बोटे खाली राहिल्यामुळे. पत्नीला पुढे ठेवा, म्हणजे वेग तिचाच राहील.

प्रश्नकर्ता: वाटेतल्या किहीमहूनच परत फिरलो तर?

उत्तर: अवश्य फिरा, परतीचे तिकीट मात्र आधीच काढून ठेवावे.