ओस्कीत सगळेच 80 टक्क्यांवर: चूक कुठे शोधायची?

फिजिओ_मास्तर
पहिल्या वर्षाच्या एमबीबीएसची ओस्की, म्हणजे एकेका स्टेशनवर फिरत कौशल्यं करून दाखवायची प्रात्यक्षिक परीक्षा. 100 विद्यार्थी, 8 स्टेशनं, प्रत्येकी 5 मिनिटं आणि बदलायला 1 मिनिट. रक्तदाबाच्या स्टेशनला 20 मुद्द्यांची चेकलिस्ट, मुद्द्याला 1 गुण. बाहीवरून कफ बांधणाराही 15-16 घेऊन जातो. पूर्ण परीक्षेचा क्रॉनबाख अल्फा (गुण किती विश्वसनीय आहेत याचा आकडा, 1 च्या जितका जवळ तितका चांगला) 0.55. स्टेशनं वाढवावीत, तर दिवस पुरणार नाही. काय करता येईल?

चेकलिस्टवाला
हात धुतले, नाव सांगितलं, संमती घेतली, आभार मानले... यातच पाच-सहा गुण निघून जातात. हे मुद्दे एकत्र करून 2 गुणांत बसवा आणि वजन खऱ्या कौशल्याला द्या. उघड्या दंडावर कफ, दंड हृदयाच्या पातळीला. आधी नाडी चाचपून अंदाज, मग त्याच्या 30 मिमी वर फुगवणं, सेकंदाला 2-3 मिमीने हवा सोडणं. चाचपणी गाळणारा आवाज मधेच गायब होतो त्या शांत टप्प्यात फसतो आणि वरचा आकडा कमी सांगतो, म्हणून तो मुद्दा एकटाच 3 गुणांचा हवा.

आणि आकडा बरोबर आला का, हे परीक्षकाला कळणार कसं? दोघांना एकदम ऐकू येईल असा टीचिंग स्टेथोस्कोप ठेवा आणि परीक्षकाच्या आकड्यापासून 4 मिमीच्या आतलं उत्तरच ग्राह्य धरा. एरवी पोरं 120/80 ठोकून मोकळी होतात.

आकडेमोड
स्टेशनं वाढली की दिवस वाढतो हा गैरसमज आहे. 8 स्टेशनांची फेरी 48 मिनिटांची, 100 जणांना 13 फेऱ्या, म्हणजे 10 तास 24 मिनिटं. 12 स्टेशनांची फेरी 72 मिनिटांची, पण फेऱ्या 9च: 10 तास 48 मिनिटं. दर 6 मिनिटांनी एक विद्यार्थी बाहेर पडतो, स्टेशनं कितीही असोत. वाढतात ते परीक्षक. म्हणून नवी चार स्टेशनं बिनपरीक्षकाची ठेवा: ईसीजी वाचन, स्पायरोमेट्रीचा (फुप्फुसांच्या क्षमतेच्या चाचणीचा) आलेख, अशी. दोन समांतर वर्तुळं केलीत तर वेळ निम्म्यावर येतो, पण तेच स्टेशन दोन परीक्षकांकडे जातं. त्यांना आधी एकत्र बसवून दोन-तीन व्हिडिओ गुणांकित करून घ्या.

परीक्षा लांबवली तर अल्फा किती होईल हे सांगणाऱ्या स्पिअरमन-ब्राऊन सूत्राने 0.55 वरून 16 स्टेशनांना 0.71 निघतो, 12 ना साधारण 0.65. दुसरा परीक्षक एकाच स्टेशनवर बसवून इतका फायदा होत नाही. रक्तदाब उत्तम घेणारा रिफ्लेक्सला अडखळू शकतो, आणि हा फरक स्टेशनं वाढवल्यावरच दिसतो.

फिजिओ_मास्तर
सर, आणि उत्तीर्णतेची रेषा? सध्या सरसकट 50 टक्के.

चेकलिस्टवाला
विद्यापीठाच्या परीक्षेत हात बांधलेले आहेत. अंतर्गत ओस्कीत मात्र परीक्षकाकडून चेकलिस्टबरोबर एकूण शेराही मागा: 1 नापास, 2 काठावर, 3 ठीक, 4 चांगला, 5 उत्तम. एक्सेलमध्ये गुण उभ्या अक्षावर, शेरा आडव्यावर, आणि सरळ रेषा. शेरा 2 ला जो गुण येईल ती त्या स्टेशनची सीमा. रेषा 6 + 3×शेरा अशी आली, तर सीमा 20 पैकी 12. गुण आणि शेरा यांचं जुळतच नसेल, तर बहुतेक वेळा खोट चेकलिस्टमध्येच असते. शेरा आधी लिहायला लावा, नाहीतर परीक्षक बेरीज बघून शेरा ठरवतात.

वॉर्डातला
एक पुरवणी. मिलरच्या 1990 च्या पिरॅमिडमध्ये (माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, प्रत्यक्ष करतो अशा चार पायऱ्या) ओस्की ‘करून दाखवतो’ या पायरीवरच थांबते. वॉर्डात तो प्रत्यक्ष काय करतो ते पाहायला मिनी-सीईएक्स (खऱ्या रुग्णासमोरची छोटी परीक्षा) हवी: 15-20 मिनिटं निरीक्षण, 5 मिनिटं अभिप्राय, वेगवेगळे रुग्ण, वेगवेगळे शिक्षक. लॉगबुकात महिन्याअखेरीस एकगठ्ठा सह्या म्हणजे मिनी-सीईएक्स नव्हे.