भिंत, अढी की ताटी?

प्रश्न: प्रेमात एकदा पोळलेला माणूस पुढच्या माणसाला जवळ येऊ देत नाही. हल्ली सगळे म्हणतात, 'त्याने मनाभोवती भिंती उभ्या केल्यात.' आणि त्या उतरवणं म्हणजे इंग्रजीतलं 'व्हल्नरेबल' होणं, दुखावलं जाण्याचा धोका पत्करून मन उघडं करणं. वर्तमानपत्रं त्याला 'असुरक्षित' म्हणतात. पण 'मला तुझ्यापाशी असुरक्षित व्हायचंय' असं कोण म्हणेल? बोलीत काय आहे?

— 'मनात अढी' आहे की!

— अढी नाही चालणार. ती ठरावीक माणसाविषयी बसते. ज्याने फसवलं त्याच्याबद्दल अढी ठीक, नव्या माणसाने बिचाऱ्याने काय केलंय? 'हातचं राखून' जास्त जवळचं. 'ती हातचं राखूनच प्रेम करते.' खोट एवढीच की त्यात हिशेब ऐकू येतो, दुखणं नाही.

— मी 'ताटी' सुचवेन. लोकांच्या अवहेलनेने खिन्न होऊन ज्ञानेश्वर झोपडीचं दार लावून बसले आणि मुक्ताबाई बाहेरून 'ताटी उघडा ज्ञानेश्वरा' म्हणत राहिली, अशी कथा आहे. तिचे ते ताटीचे अभंग. ताटी म्हणजे बांबू-कुडाचं हलकं दार. ढकललं तर सहज पडेल, पण मुक्ताबाई ढकलत नाही, विनवते. भिंत म्हटलं की पाडायची भाषा येते आणि समोरचा लगेच हातोडा शोधतो. ताटी आतल्यानेच उघडायची असते. 'अजून त्याने ताटी लावलेलीच आहे' हे मला तरी सहज वाटतं.

— शब्द सुंदर, पण जपून. मुक्ताबाई 'योगी पावन मनाचा, साही अपराध जनाचा' असंही सांगते. ते योग्याला. नवऱ्याने फसवलेल्या बाईला कुणी हे ऐकवलं तर मी ताटीच्याच बाजूने उभी राहीन. शिवाय ही भावाबहिणीची गोष्ट, प्रियकराची नव्हे.

— मान्य. शब्द घेऊ, उपदेश तिथेच ठेवू.

— 'व्हल्नरेबल' राहिलंच. 'हळवा' नको, तो स्वभाव झाला. हळवी माणसंसुद्धा कडी लावून बसतात. 'मन मोकळं करणं' तर आगगाडीतल्या अनोळखी माणसापाशीही जमतं, त्यात धोका काहीच नाही. मला 'वर्म' हवासा वाटतो. वर्मी लागणं, वर्मावर बोट ठेवणं आपण रोज म्हणतो. गंमत अशी की संस्कृतात 'वर्मन्' म्हणजे चिलखत आणि मराठीत वर्म म्हणजे नेमकी तीच जागा, जिथे घाव बसला की माणूस कोसळतो. पुन्हा प्रेम करणारा हेच करतो: आपलं वर्म कुठे आहे ते समोरच्याला सांगून ठेवतो.

— 'वर्म काढणं' म्हणजे उणंदुणं काढणं, तो वास येतो त्याला.

— म्हणून क्रियापद सांभाळायचं. 'तिने त्याचं वर्म काढलं' हे भांडण. 'तिने आपलं वर्म त्याच्या हाती दिलं' हे तुम्ही विचारलेलं.