किडनी निकामी होण्याची टक्केवारी रुग्णाला सांगावी का?

सांजवारा
बाबांच्या रक्तातलं क्रिएटिनिन (स्नायूंत तयार होणारा, किडनीने गाळून टाकायचा कचरा) चार वर्षं चढत होतं. दर खेपेला एकच उत्तर: "पथ्य सांभाळा, तीन महिन्यांनी या." मग एका रात्री धाप लागली आणि पहाटे मानेत नळी घालून डायलिसिस सुरू. फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी हातातली शीर धमनीला जोडून केलेली वाट, तयार व्हायला दीड-दोन महिने तरी लागतात, आम्हाला दीड दिवसही मिळाला नाही. त्यात ज्या डाव्या हातावर तो करायचा, त्यातूनच चार वर्षं रक्त काढलेलं. शिरा पार खराब.

वय, लिंग, ईजीएफआर (क्रिएटिनिनवरून काढलेली किडनीची गाळण्याची क्षमता) आणि लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन)-क्रिएटिनिन गुणोत्तर, एवढ्यावरून दोन आणि पाच वर्षांत किडनी निकामी होण्याचा धोका काढता येतो. कॅनडातल्या नवदीप टांगरींच्या गटाने हे सूत्र २०११ साली मांडलं. २०१६ मध्ये तीसहून अधिक देशांतल्या सात लाखांवर रुग्णांवर ते तपासलं गेलं. दोन वर्षांतला धोका ४० टक्क्यांवर गेला की डायलिसिस-प्रत्यारोपणाची तयारी धरावी, असं २०२४ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. मग हा आकडा रुग्णाला का सांगत नाहीत?

ओवी_७१
सांगितला की काय होतं ते आमच्या घरात बघा. आईला "पाच वर्षांत २२ टक्के" सांगितलं. बावीसच्या पलीकडचे अठ्ठ्याहत्तर तिला दिसलेच नाहीत. डाळ बंद, दूध बंद, भाताची पेज तेवढी. सहा महिन्यांत बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. आणि क्रिएटिनिन उतरलं! आम्ही पेढे वाटायचे बाकी होतो. नेफ्रॉलॉजिस्ट (किडनीचे डॉक्टर) म्हणाले, स्नायू झडले म्हणून उतरलंय, किडनी आहे तिथेच आहे. तोच आकडा सूत्रात घातला असता तर धोका कमी दिसला असता. अशा आकड्यावर माणसाची झोप घालवायची?

पाणवठा
मी लॅबमध्ये काम करतो. क्रिएटिनिनच्या चिठ्ठ्या ढीगभर येतात, लघवीतल्या अल्ब्युमिनची एखादीच. चारातली एक गोष्टच नसेल तर टक्केवारी कुठून काढणार? शिवाय ऐंशीच्या घरातल्या माणसाला त्याआधी हृदयविकारच गाठू शकतो. सूत्र ते धरत नाही, म्हणून म्हाताऱ्यांचा धोका फुगलेला दिसतो. आंध्रातल्या उद्दानम भागात कारण न सापडलेला किडनीचा आजार आहे. तसल्या आजारात लघवीत अल्ब्युमिन फारसं जातच नाही, तिथे हे सूत्र किती खरं बोलेल याची मला शंका आहे.

सांजवारा
ओवीताई, आईंचं वाचून वाईट वाटलं. स्नायूंचा मुद्दा पूर्ण मान्य. पण आकडा हातात ठेवून त्यांना दारातून परत पाठवलं, ही सांगणाऱ्याची चूक. डाळ किती खायची हे त्याच बैठकीत आहारतज्ज्ञांनी सांगायला हवं होतं. न सांगणं हा त्यावरचा उपाय नाही.

पाणवठा, बाबांची लघवीची ती तपासणी चार वर्षांत एकदाही झाली नव्हती. फाइल काल पुन्हा पाहिली.

फिस्टुला शेवटी उजव्या हातात केला. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास तो हात हलवायचा नाही. बाबा रोज शब्दकोडं सोडवायचे. आता डायलिसिसच्या दिवशी मी शेजारी बसून चौकोन भरते, ते शब्द सांगतात.