मदत हवी आहे: फोनवर ९० टक्के दिसतात आणि बाबांचं श्रवणयंत्र बंद पडतं

नमस्कार,

बाबांच्या दोन्ही कानांना श्रवणयंत्रं आहेत. ब्लूटूथची आहेत, त्यांच्या अँड्रॉइड फोनला जोडलेली. चार्जिंगची नाहीत, सेल बदलावे लागतात. तपकिरी स्टिकरचे, ३१२ नंबरचे.

सेल संपला तरी बाबा काही सांगत नाहीत. नुसते बसून राहतात. आम्ही बोलत असतो, ते मान हलवत असतात, आणि अर्ध्या-पाऊण तासाने कुणाच्या तरी लक्षात येतं की यांना काहीच ऐकू येत नाहीये. मागच्या आठवड्यात माझ्या मुलीने त्यांना पाठ केलेली अख्खी कविता म्हणून दाखवली. ते ‘छान, छान’ म्हणाले. नंतर बघितलं तर दोन्ही सेल संपलेले. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

तेव्हापासून रोज सकाळी त्यांच्या फोनवर बॅटरी बघते. सेटिंग्जमध्ये जोडलेल्या उपकरणांच्या यादीत यंत्राच्या नावाखाली टक्के येतात. नवे सेल घातल्यावर १००, दुसऱ्या दिवशी १००, तिसऱ्या दिवशीही १००. पाचव्या दिवशी सकाळी ९० होते आणि दुपारी बाराच्या आत यंत्र बंद!

मग घरातल्या बाकीच्या वस्तूंकडेही लक्ष जायला लागलं. माझे इअरबड नेहमी ७०, ६०, ५० असंच दाखवतात, मधला आकडा कधीच नाही. फोनला जोडलेला कीबोर्ड मात्र ६३, ६२ असं दाखवतो, पण त्यातले रिचार्जेबल सेल मी तासाभरापूर्वीच पूर्ण चार्ज करून घातले होते. आणि जुना नेकबँड पूर्वी टक्के दाखवायचा, आता दाखवतच नाही.

फोनवरचा आकडा चुकीचा असेल तर खरा आकडा कुठे बघायचा? त्यासाठी वेगळं ॲप घ्यावं का? आणि बाबांच्या यंत्रांची बॅटरी मला माझ्या फोनवर बघता येईल का? मी दिवसभर कामासाठी बाहेर असते, म्हणून विचारते आहे. मुख्य प्रश्न बाबांच्या यंत्रांचाच आहे, बाकीचं जमलं तर सांगा.

प्रतिसाद १

माझ्याकडे आयफोन आहे, त्यामुळे अँड्रॉइडचं नेमकं सांगता येणार नाही. आयफोनवर होम स्क्रीनवर बॅटरीचं विजेट लावता येतं, आयओएस १४ पासून, म्हणजे २०२० पासून. घड्याळ, इअरफोन सगळं एका जागी दिसतं. इअरफोनच्या डबीची बॅटरी बघायची असेल तर निदान एक इअरफोन डबीत ठेवून झाकण उघडं ठेवावं लागतं, हे मला बरेच दिवस माहीत नव्हतं. अँड्रॉइडवरही काही फोनमध्ये असं विजेट असतं, तुमच्या फोनच्या विजेटच्या यादीत बघा.

प्रतिसाद २

ताई, आधी एक गोष्ट लक्षात घ्या, बाकीचं आपोआप उलगडेल. दुसऱ्या उपकरणाची बॅटरी मोजायचं कुठलंही साधन फोनकडे नसतं. उपकरण स्वतःची बॅटरी स्वतः मोजतं आणि फोनला कळवतं. फोन तो निरोप जसाच्या तसा दाखवतो. त्यामुळे कितीही ॲपं घातलीत तरी तीही तोच निरोप वाचणार. खरा आकडा एखाद्या ॲपमध्ये दडलेला नाही.

आता निरोप पाठवायच्या पद्धती. इअरबड आणि नेकबँड तो बहुतेक वेळा कॉलसाठीच्या मार्गाने पाठवतात. त्या मार्गाची भाषा जुन्या मोडेमची आहे, ‘एटी’ने सुरू होणाऱ्या आज्ञांची, १९८१च्या हेज मोडेमपासून चालत आलेली. बॅटरी कळवायला ॲपलने त्यात आपली एक आज्ञा घातली आणि पुढे इतरांनीही तीच उचलली. तिच्यात बॅटरी ० ते ९ एवढ्या दहाच पायऱ्यांत सांगता येते. म्हणून तुमच्या इअरबडना ६७ म्हणताच येत नाही. अँड्रॉइडमध्ये ही बॅटरी दाखवायची सोय ८.१ आवृत्तीपासून, म्हणजे २०१७च्या अखेरीपासून आहे.

तुमच्या नेकबँडचं दुखणं इथेच असावं. ब्लूटूथच्या यादीत त्याच्या नावाशेजारचं चाकाचं चिन्ह दाबा. आत ‘फोन कॉल’ असं बटण असेल. ते कधीतरी बंद झालं असेल तर गाणी वाजत राहतात, पण कॉलचा मार्ग बंद असल्यामुळे बॅटरीचा निरोप येत नाही. चालू करून बघा.

कीबोर्डची पद्धत वेगळी. कमी ऊर्जेच्या ब्लूटूथवर ‘बॅटरी सर्व्हिस’ नावाची ठरलेली जागा असते, तिचा क्रमांक १८०एफ. तिच्या आत २ए१९ या खणात ० ते १०० मधला एक आकडा असतो, फोन तो वाचतो. या प्रकारच्या ब्लूटूथवर चालणाऱ्या कीबोर्ड-माउसना ही सर्व्हिस ठेवावीच लागते, म्हणून तिथे ६३ दिसू शकतं. (डोंगल लावून चालणाऱ्या कीबोर्डला फोनशी ब्लूटूथ जोडणीच नसते, त्याची बॅटरी या यादीत येत नाही.)

आणि ते ६३ चुकीचं का, तर कीबोर्ड टक्के काढतो व्होल्टेजवरून. नवा अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा, तुमचा रिचार्जेबल सेल निकेल मेटल हायड्राइडचा असेल तर तो १.२ च्या आसपास. कीबोर्डचा हिशोब अल्कलाइन धरून केलेला असतो, त्यामुळे भरलेला सेलही त्याला अर्धा संपल्यासारखा वाटतो. उलट तो १.२ वरच बराच काळ टिकतो. ते ६० कितीतरी दिवस हलणार नाही बघा.

तुमच्या फोनवर बाबांची यंत्रं दिसणं कठीण आहे. ती त्यांच्या फोनशी जोडलेली आहेत आणि निरोप त्याच फोनला मिळतो.

प्रतिसाद ३

मी स्वतः बारा वर्षं श्रवणयंत्र वापरतो आहे, म्हणून मुद्दाम लिहितो. वरचा प्रतिसाद बरोबर आहे, पण तुमचा खरा प्रश्न सेलच्या जातीत आहे.

तपकिरी स्टिकरचे सेल झिंक-एअर असतात. स्टिकर काढलं की बारीक छिद्रांतून हवा आत जाते आणि सेल जागा होतो. सुरुवातीला १.४ व्होल्टच्या आसपास, मग जवळजवळ संपूर्ण आयुष्य १.२ ते १.३ च्या दरम्यान सपाट, आणि शेवटी एकदम कोसळतो. व्होल्टेज बघून टक्के सांगणाऱ्या यंत्राला हा सेल चौथ्या दिवशीही ताजाच वाटतो. तुमच्या यंत्रात बिघाड नाही. पण झिंक-एअर सेलच्या बाबतीत ९० टक्क्यांवर मी कधीच विसंबणार नाही.

त्यापेक्षा दिवस मोजा. बाबांचा सेल पाचव्या दिवशी जात असेल तर चौथ्या रात्री दोन्ही बदला. फोनवरचे कॉल किंवा व्हिडिओचा आवाज थेट यंत्रात घेत असतील तर सेल आणखी लवकर संपतो, तेवढा दिवस कमी धरा. स्टिकर काढल्यावर लगेच घालू नका, दोन-चार मिनिटं उघडा ठेवा. एकदा काढलेलं स्टिकर परत चिकटवून सेल वाचत नाही, तेव्हा आधीपासून काढून ठेवू नका. रात्री यंत्राचं सेलचं दार उघडं ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं विचारतो. सेल संपत आला की यंत्र कानात सूचनेचा आवाज करतं. बाबांना तो आवाज कसला, हे कुणी सांगितलं आहे का? मला पहिलं वर्षभर कुणी सांगितलं नव्हतं. वयामुळे वरच्या पट्टीचं ऐकू येत नसेल तर तो आवाज त्यांच्या कानापर्यंत पोचतही नसेल. बऱ्याच यंत्रांत ऑडिओलॉजिस्टला त्याची पट्टी आणि जोर बदलता येतो. त्यासाठी वेगळी वेळ घेऊन जा.

प्रतिसाद ४

ॲप घेणार असाल तर परवानग्या बघून घ्या. आसपासची ब्लूटूथ उपकरणं शोधायला अँड्रॉइड ६ ते ११ मध्ये ॲपला लोकेशनची परवानगी लागायची. १२ पासून ‘जवळपासची डिव्हाइस’ अशी वेगळी परवानगी आली. नव्या फोनवर नुसती बॅटरी दाखवायला कुणी लोकेशन, संपर्क वगैरे मागत असेल तर देऊ नका. स्वतः १८०एफ बघायचं असेल तर नॉर्डिक सेमिकंडक्टरचं एनआरएफ कनेक्ट हे मोफत ॲप चांगलं आहे. जोडणी केली की उपकरणाच्या सर्व्हिसची यादी दिसते.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. नेकबँडचं ‘फोन कॉल’ बटण खरंच बंद होतं. चालू केल्याबरोबर टक्के आले. कीबोर्ड आज अकराव्या दिवशी ६१ वर आहे!

प्रतिसाद ३ वाचून बाबांना विचारलं. म्हणाले, “मधूनमधून कानात टिंगटिंग वाजायचं. मला वाटायचं तुमच्यापैकी कुणाचा फोन वाजतोय.” फक्त उजव्या कानात ऐकू यायचं, डाव्यात नाही. तीन वर्षं यंत्र वापरत आहेत आणि हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नाही, याची खंत वाटते. ऑडिओलॉजिस्टकडे जाऊन आलो. दोन्ही कानांची सूचना खालच्या पट्टीत करून घेतली, आणि तिथेच वाजवून बाबांना ओळखायला लावली.

सेल घातला की त्याचं स्टिकर बाबा आता कॅलेंडरवर त्या तारखेला चिकटवतात. ही त्यांचीच कल्पना. चौथ्या रात्री बदलायचं ठरलं आहे. काल मात्र तिसऱ्याच संध्याकाळी, आम्ही सगळे बोलत असताना ते मध्येच उठले, नातीला म्हणाले “थांब, पुढचं सांगू नकोस” आणि सेलचं पाकीट घेऊन आले.