वाघाचे केस भादरले तर पट्टे जातील का? चौथीच्या वर्गाचे प्रश्न

शाळेची घंटा (चोपडा)

नमस्कार. सातपुड्याच्या पायथ्याशी एका जिल्हा परिषद शाळेत मी चौथीला शिकवते. परवा परिसर अभ्यासाच्या तासाला फळ्यावर वाघ काढला आणि पोरांनी मला घेरलं. एकाने विचारलं, "बाई, वाघाचे केस भादरले तर पट्टे जातील का?" त्याच्या घरी मेंढ्या आहेत, लोकर कातरताना तो बघत असतो, त्यामुळे प्रश्न रास्तच होता. लगेच दुसरा, "सगळ्या वाघांचे पट्टे सारखेच असतात का?" मग एक मुलगी, "झेब्रा काळा की पांढरा?"

सगळ्यात अवघड प्रश्न मात्र खारीचा निघाला. सेतू बांधताना रामाने खारीच्या पाठीवरून तीन बोटं फिरवली, ही गोष्ट सगळ्यांना घरून माहीत आहे. पण शाळेच्या कडुनिंबावरच्या खारीचे पट्टे पोरांनी मोजले तर पाच भरले.

मला नुसती माहितीची यादी नकोय. ज्यांनी असे पट्टेरी प्राणी जवळून पाहिलेत, त्यांनी सांगितलं तर शुक्रवारच्या तासाला जसंच्या तसं वाचून दाखवीन.

---

बांबूबन (चंद्रपूर)

ताई, आधी त्या मेंढ्यांच्या घरातल्या पोराला माझी शाबासकी सांगा. पट्टे जात नाहीत. जखमी वाघावर उपचार करताना डॉक्टर जिथले केस भादरतात, तिथे खाली कातडीवरही तोच पट्टा दिसतो. केस परत येतात तेही त्याच रंगाचे, त्याच जागी.

दुसऱ्या प्रश्नावर मी जरा लांबण लावणार आहे, कारण माझी सहा वर्षं त्यातच गेली. ताडोबाच्या आसपास लावलेल्या कॅमेरा ट्रॅपचे (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) फोटो बघून कोणता वाघ कोणता, हे ठरवायचं काम मी करायचो. दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. इतकंच काय, एकाच वाघाची डावी आणि उजवी कूससुद्धा वेगळी असते. म्हणून जंगलवाटेच्या दोन्ही अंगांना, साधारण गुडघ्याएवढ्या उंचीवर, दोन कॅमेरे बांधतात. वाघ मधून गेला की दोन्ही कुशी एकाच वेळी मिळतात.

फोटो बघताना अख्खा वाघ बघायचा नसतो. नवखा माणूस तोंडाकडे बघतो, पण तोंड कधी वळलेलं, कधी सावलीत. आम्ही कुशीवरचा, मागच्या मांडीच्या अलीकडचा हातभर तुकडा धरायचो आणि तिथल्या पट्ट्यांना आपली आपण नावं द्यायचो. पट्टा वर जाऊन फाटला की 'बेचकी'. दोन टोकं जुळून मधे पोकळ राहिली की 'होडी'. सुटा तुकडा असला की 'स्वल्पविराम'. मग ओळ वाचावी तसं वाचायचं: बेचकी, तिच्यामागे दोन सरळ, मग होडी, होडीच्या पोटात ठिपका. चालताना कातडी ताणते, पोट भरलेलं असलं की होडी फुगते, पण क्रम बदलत नाही. बछडा वाढतो तसे पट्टेही त्याच्याबरोबर वाढतात, क्रम तोच.

एक वाघीण मला जन्मात विसरता येणार नाही. एका जागी वानरांनी डावीकडचा कॅमेरा ओढून आभाळाकडे केला होता, त्यामुळे तिथे एका वाघिणीची फक्त उजवी कूस मिळत राहिली. तिथून चारेक किलोमीटरवर नाल्याजवळचा एक कॅमेरा बंद पडला आणि तिथे एक वाघीण फक्त डावीकडून दिसायची. मोजणीत असे अर्धे वाघ दोनदा धरत नाहीत, एकाच कुशीचे धरतात. पण आमच्या नोंदवहीत तिची दोन पानं झाली होती. मग मे महिन्यात पाणवठ्यावरचे पहाटेचे फोटो आले. पहिल्यात डावी कूस. पुढच्यात ती वळून, पाठमोरी पाण्यात बसली. वाघ बऱ्याचदा असेच उलटे पाण्यात शिरतात, तोंडावर पाणी आलेलं त्यांना आवडत नाही. तिसऱ्यात उठून निघताना उजवी कूस. इकडची होडी आणि तिकडचा स्वल्पविराम एकाच अंगावर! मी ते तीन फोटो किती वेळा पुढे-मागे केले असतील. दोन पानांचं एक पान झालं आणि ती मला पुरती ओळखीची झाली.

हे इतक्या कळकळीने सांगतोय त्याला कारण आहे. पूर्वी वाघ ठशांवरून मोजत. काच ठेवून ठसा गिरवायचा, प्लास्टरचा साचा काढायचा. माती ओली की कोरडी यावर ठसा बदलतो, एकच वाघ दोनदा मोजला जातो. राजस्थानात सरिस्काच्या कागदांवर वाघ होते आणि जंगलात एकही उरलेला नव्हता, हे २००५ साली उघड झालं. पट्ट्यांवरून मोजायची रीत वाघांचे अभ्यासक के. उल्हास कारंथ यांनी १९९० च्या दशकात कर्नाटकात नागरहोळेला बसवली होती. सरिस्कानंतर २००६ पासून देशभर कॅमेरे आले. २०१८ च्या मोजणीत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे होते. साडेतीन कोटींच्या आसपास फोटो निघाले, त्यातले ७६,६५१ वाघांचे, आणि त्यातून २,४६१ वेगवेगळे वाघ ओळखले गेले. आता हे काम आधी संगणक करतो, पण तो जी जवळची जुळणी सुचवतो त्यावर शेवटी माणूसच बोट ठेवतो. कुठे वाघाचं कातडं जप्त झालं तर ते याच फोटोंशी ताडून वाघ कुठला होता हेही सांगता येतं. असं एक कातडं मी ताडलंय. ते मुलांना सांगू नका.

आणखी एक. इतका भडक नारिंगी प्राणी लपतो कसा, हे मुलं विचारतीलच. चितळ-सांबरांच्या डोळ्यांना आपल्यासारखा तांबडा-हिरवा फरक कळत नाही. त्यांना वाघ गवताच्याच रंगाचा दिसतो, आणि बांबूत उभ्या सावल्या पडतात तिथे पट्टे मिसळून जातात. हिरवा रंग सस्तन प्राण्याच्या केसांत तयारच होत नाही, म्हणून वाघाचं काम नारिंगीवर भागतं.

---

गोठ्यावरून (संगमनेर)

झेब्र्याचं मी सांगतो. मॅडम, झेब्र्याची कातडी खालून काळी असते आणि जिथे केसांना रंग मिळत नाही तिथे पांढरा पट्टा उमटतो. तेव्हा काळ्यावर पांढरे पट्टे, असं मुलीला सांगा.

पण मला खरी गोडी वाटते ती पट्टे कशासाठी याची. माझ्या गोठ्यात बारा गाई आहेत. पावसाळ्यात गोमाशा आल्या की गाय दिवसभर शेपटी मारते, पाय आपटते, कातडी थरथरवते, वैरण अर्धी सोडते आणि दूध खाली येतं. म्हणून २०१९ साली जपानात झालेला प्रयोग वाचला तेव्हा मी ताठ बसलो. तिथे काळ्या गाईंच्या अंगावर पांढऱ्या रंगाने झेब्र्यासारखे पट्टे ओढले. चावऱ्या माश्या बसण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं आणि शेपटी मारणंही कमी झालं. नुसते काळे पट्टे ओढलेल्या गाईंना काही फरक पडला नाही, म्हणजे रंगाच्या वासाने माश्या गेल्या असंही नाही.

त्याच वर्षी इंग्लंडात घोड्यांना पट्टेरी झूल घालून पाहिली. माश्या घोड्याजवळ नेहमीइतक्याच आल्या, पण झुलीवर फारच थोड्या बसल्या. डोकं उघडं होतं, तिथे मात्र नेहमीसारख्या बसल्या. माशी बसायच्या आधी वेग कमी करते. पट्टे समोर आले की तिला ते जमत नाही, ती आपटते नाहीतर बाजूने निघून जाते. माझ्या काळ्या एच.एफ. (होल्स्टीन फ्रिजियन, परदेशी जातीच्या) गाईवर यंदा पट्टे ओढून बघणार आहे, चुन्याने. पाऊस लागला की धुऊन जाईल, तरी चार दिवस मोजता येईल.

---

सर्पमित्र विटा

बाई, शाळा डोंगराजवळ आहे म्हणता, म्हणून एक पट्टा मुलांना शिकवाच. मण्यार आणि कवड्या.

दोन्ही साप रात्री फिरतात, घरात येतात, दोघांच्या अंगावर पांढरे आडवे पट्टे. मण्यार जहाल विषारी, कवड्या बिनविषारी. मण्यार काळी-निळसर, चकचकीत. तिचे पट्टे बारीक, बरेचदा जोडीजोडीने, मानेपासून थोडं अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्या तपकिरी, त्याचे पट्टे मानेलगत ठळक आणि शेपटीकडे पुसट. म्हणजे बरोबर उलटं. कवड्याला या सोंगाचा फायदाच होतो, मण्यार समजून त्याच्या वाटेला फारसं कोणी जात नाही. माणूस मात्र मण्यार म्हणून त्यालाच मारतो.

पण हे ओळखायचं ते लांबून, आणि मुलांनी तर ओळखायलाही जवळ जायचं नाही. मण्यार चावल्यावर आग होत नाही, सूज येत नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाला कळतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं. असं झालं की मांत्रिक नको, थेट सरकारी दवाखाना. प्रतिविष तिथे मिळतं. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडची एक आठवीतली मुलगी वेळेत नेली म्हणून वाचली. तिच्या धाकट्या भावाने सांगितलं होतं, "ताईचे डोळे उघडत नाहीत." त्या पोराला मी दरवेळी भेटून येतो.

---

शाळेची घंटा (चोपडा)

सगळं वाचून दाखवलं. मण्यारीचं तर दोनदा. आमच्याकडे उन्हाळ्यात सगळे अंगणात खालीच झोपतात, त्यामुळे शेवटचा भाग मुलांना वहीत लिहून घरी न्यायला लावला. आता 'बेचकी, होडी, स्वल्पविराम' या खुणा घेऊन वर्ग शाळेतल्या मांजराच्या मागे लागलाय, तिच्याही कुशीवर पट्टे आहेत. दादा, खारीचं राहिलं की हो!

---

बांबूबन (चंद्रपूर)

राहिलं खरं. ताई, मुलांचं मोजणं बरोबर आहे आणि गोष्टही बरोबर आहे. आपल्याकडे खारीच्या दोन जाती सारख्या दिसतात. दक्षिण भारतातल्या खारीच्या पाठीवर तीन फिकट पट्टे असतात. उत्तरेकडच्या खारीला त्या तिघांच्या बाहेरून दोन्ही अंगांना आणखी एकेक असतो, म्हणजे पाच. तुम्ही सातपुड्याशी आहात, तुमची पाचवाली. रामेश्वराकडची खार मुलांनी मोजली तर तीनच भरतील.

आणि मांजराच्या मागे लागलात ते फार छान केलंत. ओडिशात सिमिलीपालला काही वाघांचे पट्टे इतके रुंद होऊन एकमेकांत मिसळलेत की वाघ काळाच दिसतो. बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी २०२१ साली त्याचं कारण शोधलं: एका जनुकातला एकच बदल. घरच्या मांजराच्या अंगावर बारीक पट्टे येणार की मोठे गोलमटोल डाग, हेही तेच जनुक ठरवतं.

मुलांना आता शेपटी बघायला सांगा. जेम्स मरे नावाच्या गणितज्ञाने १९८८ साली लिहिलं होतं की ठिपकेवाल्या प्राण्याची शेपटी पट्टेरी असू शकते, पण पट्टेवाल्याची शेपटी ठिपकेदार नसते. पोटातल्या वाढीच्या वेळी शेपटी इतकी अरुंद असते की ठिपक्यांना जागाच पुरत नाही, त्यांची कडी होते. तुमच्याकडे रात्री जवादी मांजर दिसत असेल तर बघा: अंगावर ठिपके, शेपटीला कडी. आणि रानडुकराची पिल्लं दिसली तर लांबूनच पाहा, जवळ आई असते. त्यांच्या अंगावर डोक्यापासून शेपटीकडे जाणारे पिवळट पट्टे असतात, काही महिन्यांत नाहीसे होतात.

---

शाळेची घंटा (चोपडा)

रानडुकराचं पिल्लू चौघांनी पाहिलंय म्हणे, मक्याच्या शेतात. "बाई, आम्हाला वाटलं ते वेगळंच जनावर आहे."

मांजराची शेपटी आज मधल्या सुट्टीत झाली. दूध ठेवलं, ती पिईपर्यंत मोजणी. सात कडी भरली. शेपटीचं टोक सगळं काळं आहे, ते आठवं धरायचं की नाही यावर अजून एकमत नाही, म्हणून उद्या पुन्हा दूध आणायचं ठरलंय.