मदत हवी आहे: जुन्या डिझेल गाडीला ऑइल कोणतं टाकू? उद्या सकाळी सर्व्हिसिंग

यवतेश्वर_रोड
सातारा-सांगलीच्या जाणकारांनी जरा लगेच सांगा. डिझेल गाडी आहे, जुनी आहे. उद्या सकाळी ऑइल बदलायला गॅरेजला लावतोय. मेस्त्री म्हणतात गाडीचं वय झालं, आता २०डब्ल्यू-५० टाकू. मेव्हणे म्हणतात फुल सिंथेटिकशिवाय दुसरं काही टाकू नका. दोन्हीच्या किमतीत दुपटीहून जास्त फरक आहे. मला फक्त ग्रेड सांगा. नेटवर बघा म्हणू नका, ते बघूनच डोकं फिरलंय.

डिझेलवेडा
गाडी कोणती? साल? किलोमीटर किती झाले? आत्ता आत कोणतं ऑइल आहे? टर्बो आहे की नाही?

मिरजवाला
गाडी कोणतीही असू दे, ५डब्ल्यू-३० फुल सिंथेटिक टाका. माझी व्हर्ना सीआरडीआय त्यावरच आहे. सकाळी पहिल्या सेल्फला उठते, आवाज मऊ झाला, पुण्याला जाऊन आलं तरी ऑइल मोजायच्या पट्टीवर लेव्हल जिथल्या तिथे. एकदाच पैसे जातात.

घाटमाथा
मिरजवाले, जुन्या इंजिनात ५डब्ल्यू-३०? आठवड्यात सगळीकडून पाझरायला लागेल. इंजिन झिजलं की फटी वाढतात आणि वाढलेल्या फटींना जाड ऑइलच लागतं. आमच्या सुमोला गेली कित्येक वर्षं २०डब्ल्यू-५० चालू आहे, आजही पाटणचा रस्ता भरल्या गाडीनं चढते. धागाकर्त्यांचे मेस्त्री बरोबर सांगतायत.

मिरजवाला
पाझरतं ते सील कडक होऊन आकसतात म्हणून. ऑइल सिंथेटिक आहे म्हणून नाही पाझरत. सुमोचं इंजिन आणि कॉमन रेल (कॉम्प्युटरच्या हुकमानं डिझेल फवारणारं इंजिन) यात फरक आहे की नाही?

ऊसदर
एवढा विचार कशाला करताय भाऊ. ट्रॅक्टरला आणतो त्याच बादलीतलं १५डब्ल्यू-४० मी बोलेरोला घालतो. पलूसला दुकानात मोठी बादली घेतली की लिटरमागं बरंच स्वस्त पडतं. ट्रॅक्टर उन्हात दिवसभर रोटाव्हेटर ओढतो, त्याचं इंजिन टिकतं तर गाडीचं का नाही टिकणार?

कोडोली_काका
एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी झाली, म्हणून चार ओळी लिहितो.

'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंड इंजिनाचा, नंतरचा तापलेल्या इंजिनाचा. १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती जाड राहतं ते मोजून दुसरा आकडा ठरतो: ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० म्हणजे १२.५ ते १६.३, ५० त्याच्याही वर. साताऱ्यात थंडीनं ऑइल गोठत नाही, त्यामुळे १५डब्ल्यूनं गाडी अडणार नाही. तरी पहाटे इंजिन चालू केलं की ५डब्ल्यू इंजिनाच्या वरच्या भागात, कॅमपर्यंत लवकर पोचतं, हे मिरजवाल्यांचं म्हणणं खरं आहे.

आता कुणी न पाहिलेली गोष्ट. डब्यावर ग्रेडच्या खाली एपीआयचं, म्हणजे ऑइलच्या दर्जाचं अक्षर असतं. 'एस' पेट्रोलचं, 'सी' डिझेलचं. डिझेलची काजळी ऑइलमध्ये उतरते. ती तरंगती ठेवायची, कुठे बसू द्यायची नाही, हे काम ऑइलमधल्या रसायनांचं. जुन्या डिझेलला सीएच-४ किंवा सीआय-४ पाहून घ्या. ऊसदर यांची बादली सीआय-४ असेल तर त्यात वावगं काही नाही. फक्त ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक-गिअरचं ऑइल वेगळं असतं, दुकानदाराकडून बादली नीट बघून घ्या.

तासगाव_एक्सप्रेस
काकांना +१. आणखी एक, सीके-४ किंवा लो-सॅप्स (कमी राख होणारं) सी३ घ्या, डीपीएफ म्हणजे सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर चोक होत नाही.

डिझेलवेडा
जुन्या गाडीला डीपीएफ कुठून आला? आपल्याकडे बहुतेक डिझेल गाड्यांना तो २०२० च्या बीएस-६ पासून लागला. धागाकर्ते गायब आहेत, गाडी कोणती ते अजून कळलेलं नाही आणि आपण सगळे डबे उघडून बसलोय.

यवतेश्वर_रोड
ऑफिसात होतो. इनोव्हा, २.५ डिझेल, २००९. २ लाख ७० हजार झालेत. आत कोणतं ऑइल आहे माहीत नाही, मागच्या वेळी गॅरेजनंच आणलं होतं. आता सांगा.

डिझेलवेडा
मग सोपं आहे. १५डब्ल्यू-४०, सीएच-४ किंवा सीआय-४, चांगल्या कंपनीचं मिनरल, म्हणजे सिंथेटिक नसलेलं साधं, चालेल. फिल्टरसकट साधारण सात लिटर बसतं, म्हणून फुल सिंथेटिकचा आकडा मोठा दिसतो. दहा हजारांना किंवा वर्षाला बदला. डबा सीलबंद घ्या आणि रिकामा डबा फोडून टाका, डुप्लिकेटवाले तोच परत भरतात.

सौदा_पक्का
२००९ म्हणजे १५ वर्षं उलटली की! दिल्लीत तर डिझेलला १० वर्षांचीच मुदत घातली होती. अशा गाडीत ऑइल कसलं घालताय, चांगला भाव येतोय तोवर काढा आणि सीएनजी घ्या.

यवतेश्वर_रोड
दिल्लीचा नियम साताऱ्याला नाही. पासिंग पुन्हा पाच वर्षांचं करून घेतलंय, पर्यावरण कर भरलाय. गाडी वडिलांनी घेतलेली आहे, विकायची नाही. ऑइलवर बोला.

बुलेट_कोरेगाव
१५डब्ल्यू-४० चा विषय निघालाच आहे तर विचारतो, हेच ऑइल बुलेटला चालतं का? घरी दोन लिटर उरलंय.

कोडोली_काका
नाही. बुलेटचा क्लच ऑइलमध्येच भिजलेला असतो, त्याला डब्यावर जासो एमए लिहिलेलं ऑइल लागतं. कारच्या ऑइलनं क्लच घसरायला लागतो.

यवतेश्वर_रोड, एक विचारायचं राहिलं. मेस्त्री एकदम २०डब्ल्यू-५० वर का गेले? काही त्रास आहे का गाडीला? धूर, ऑइल कमी होणं, आवाज?

यवतेश्वर_रोड
धूर नाही. ऑइल खात नाही. कासहून उतरून समर्थ मंदिरापाशी गाडी थांबली की ऑइलचा लाल दिवा जरा लुकलुकतो. रेस दिली की जातो. म्हणूनच तर जाड ऑइल टाकायचं चाललंय.

डिझेलवेडा
अहो!!

कोडोली_काका
ही गाडी आता चालवू नका. उद्या गॅरेजला न्यायची तर टो करून न्या. तो दिवा ऑइल कमी झाल्याचा नसतो, दाब पडल्याचा असतो. दाब अगदी तळाला गेला की मगच त्याचा स्विच दिवा लावतो, म्हणजे लुकलुकतोय तेव्हाच बेअरिंगवरचा ऑइलचा थर पातळ झालाय. टर्बोचा दांडा तर नुसत्या ऑइलवर तरंगत असतो, तिथे सगळ्यात आधी घाव बसतो.

घाटमाथा
मग मी पहिल्यापासून काय सांगतोय? फटी वाढल्यात, दाब पडतोय. २०डब्ल्यू-५० टाका, दिवा जाईल. आमच्या सुमोचा असाच गेला होता.

कोडोली_काका
घाटमाथा, दिवा जाईलही. पण का लागत होता ते कळणार नाही. कारणं पाच असू शकतात: लेव्हल कमी, स्विच खराब, ऑइलमध्ये डिझेल उतरून ते पातळ झालेलं, पंपाची किंवा बेअरिंगची झीज, नाहीतर चेंबरमधली (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतली) पंपाची जाळी बुजलेली. शेवटचं असेल तर जाड ऑइल घातक आहे. अर्धी बुजलेली नळी तोंडात धरून काकवी ओढून बघा, म्हणजे त्या पंपाचं काय होतं ते कळेल. आधी स्विच काढून त्या जागी साधा मेकॅनिकल गेज लावा. थंड असताना आणि पूर्ण तापल्यावर, आयडलिंगला आणि तीन हजार आरपीएमला दाब मोजा. वर्कशॉप मॅन्युअलमधल्या आकड्यांशी ताडून बघा. कुठलाही चांगला मेस्त्री अर्ध्या तासात करतो.

डिझेलवेडा
आणि आज रात्रीच पट्टी काढून बघा. लेव्हल वरच्या खुणेच्याही वर गेली असेल आणि बोटाला डिझेलचा वास येत असेल, तर इंजेक्टरकडून डिझेल खाली उतरतंय.

यवतेश्वर_रोड
बघितलं. लेव्हल दोन खुणांच्या मधोमध आहे. डिझेलचा वास नाही. ऑइल काळं आणि चिकट आहे, बोटावर धरल्यावर तार येते. पुसलं तरी बोटाच्या रेषांत काळं राहिलं.

मिरजवाला
काळं म्हणजे आयुष्य संपलं. सिंथेटिक असतं तर असं झालं नसतं.

डिझेलवेडा
डिझेलमध्ये ऑइल पाचशे किलोमीटरला काळं होतं, ते चांगलं लक्षण आहे, काजळी धरतंय म्हणायची. पण तार येणं बरं नाही. डांबर व्हायला लागलंय.

कराडची_नेहा
आमच्या घरी टुरिस्टच्या गाड्या आहेत, तीन इनोव्हा याच इंजिनाच्या. यवतेश्वर_रोड दादा, गेल्या वर्षभरात इंजेक्टर काढले होते का?

यवतेश्वर_रोड
हो. पिकअप कमी वाटत होतं म्हणून नोझल टेस्टिंगला दिले होते, पावसाळ्याच्या आधी. त्याचा ऑइलशी काय संबंध?

कराडची_नेहा
सगळा संबंध तिथेच आहे. इंजेक्टरच्या बुडाशी तांब्याचा वॉशर असतो, जळलेला गॅस त्यानंच अडतो. इंजेक्टर एकदा निघाला की तो वॉशर टाकून द्यायचा, नवा घालायचा. बिलात वॉशर आहेत का बघा. जुनाच दाबून बसवला तर गॅस वर टॅपेट कव्हरच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) आत सुटतो, तिथल्या ऑइलमध्ये कार्बन मिसळतो आणि ते खाली चेंबरमध्ये येतं. कार्बनचे खडे ऑइल खेचणाऱ्या जाळीवर जाऊन बसतात. गाडी पळत असते, धूर नसतो, ऑइल खात नाही, आणि गरम झाल्यावर आयडलिंगला दाब पडतो. तुमचं वर्णन तंतोतंत तेच आहे.

सकाळी थंड इंजिन चालू करून बॉनेटपाशी कान द्या. चक-चक असा हवा सुटल्यासारखा आवाज येतो का? तेवढ्यासाठी इंजिन मिनिटभर चालवा, जास्त नको. मग बंद करून ऑइल काढायला लावा. आमचा मेस्त्री ड्रेनच्या भोकातून छोटा कॅमेरा आत घालतो, जाळी समोर दिसते.

तासगाव_एक्सप्रेस
एवढं कशाला, इंजिन फ्लशची बाटली ओता, दहा मिनिटं चालवा, सगळा गाळ निघून जाईल. ताई, तुमच्या गाड्यांना टायमिंग बेल्ट किती किलोमीटरला बदलता?

कराडची_नेहा
फ्लश अजिबात नको. कडेला बसलेला गाळ तोही सुटून जाळीवरच येईल. याला चेंबर उतरवून हातानं साफ करणं हाच उपाय. बेल्टसाठी मीटरमध्ये वेगळा दिवा असतो, त्याचा इथे विषय नाही.

घाटमाथा
न बघता एवढं ठाम कसं सांगता? बेअरिंगही गेलेलं असू शकतं.

कराडची_नेहा
असू शकतं ना. चेंबर उतरल्यावर तेही दिसेल. तुमच्या उपायात उतरवायचंच नाही, एवढाच फरक.

यवतेश्वर_रोड
(दुसऱ्या दिवशी संध्याकाळी) चक-चक आवाज होता. मी तो टॅपेटचा समजत होतो. बिलात वॉशरचा उल्लेख नाही. मेस्त्री आधी तयार नव्हते, म्हणाले एवढ्यासाठी चेंबर कोण उतरवतं. मी काकांचा आणि ताईंचा मजकूर त्यांना वाचून दाखवला, मग खालचं चेंबर उतरवलं. जाळीचा निम्म्याहून जास्त भाग बंद होता. वर काळी साय आणि कोळशाच्या कणीसारखे खडे, नखानं दाबल्यावर फुटणारे. टॅपेट कव्हर काढलं तर दोन नंबरच्या इंजेक्टरभोवती डांबर जमलेलं, बाकी तिन्ही कोरडे. एका बेअरिंगची टोपी उघडून पाहिली, बारीक रेषा आहेत पण वरचा थर झिजून तांबं दिसत नाही, मेस्त्री म्हणाले अजून चालेल. चारही वॉशर नवे सांगितलेत, उद्या येतील.

ताई, काका, डिझेलवेडा, तुमचे फार आभार. आता तरी सांगा, ऑइल कोणतं?

मिरजवाला
आता इंजिन स्वच्छ झालं, आता तरी सिंथेटिक टाका.

डिझेलवेडा
इतक्यात नको. कानाकोपऱ्यात अजून गाळ आहे, तो नव्या ऑइलमध्ये सुटणार. आत्ता साधं १५डब्ल्यू-४० सीआय-४ आणि नवा फिल्टर. हजारभर किलोमीटर चालवून दोन्ही फेकून द्या, परत तेच भरा. त्यानंतर सिंथेटिक घालायचं असेल तर खुशाल घाला, पण १५डब्ल्यू-४० नं या इंजिनाचं काही अडत नाही.

घाटमाथा
ठीक आहे, जाळी बुजलेली होती हे मान्य. पण सुमोला मी २०डब्ल्यू-५० च ठेवणार.

कोडोली_काका
ठेवा, पण एकदा गेज लावून बघा. दिव्यावर भरवसा ठेवू नका.

यवतेश्वर_रोड, दोन गोष्टी मेस्त्रींसमोर उभं राहून करून घ्या. चेंबर परत बसवताना सीलंटची बारीक, सलग रेघ ओढायची. जास्त लावलं की ते आतल्या बाजूला फुगतं, तुकडे सुटतात आणि पुन्हा त्याच जाळीत अडकतात. आणि वॉशर घालण्याआधी हेडमधली बैठक घासून साफ झाली पाहिजे. खाली कार्बनचा कण राहिला तर नवा वॉशरही गॅस सोडेल. सगळं बसल्यावर इंजेक्टरचा पाइप न जोडता नुसता सेल्फ मारून दाब येऊ द्या, मग इंजिन चालू करा. गेज काढायची घाई नको, यवतेश्वरचा घाट एकदा चढून-उतरून येईपर्यंत राहू दे.

यवतेश्वर_रोड
काका, पाइप न जोडता सेल्फ मारला तर डिझेल उडणार नाही का? मेस्त्री म्हणतात इंजेक्टरचे सॉकेट (वायरचे जोड) काढले तरी पुरे.

कोडोली_काका
मेस्त्रींचं बरोबर आहे, तुमची इनोव्हा कॉमन रेल आहे, तिला सॉकेटच काढायचे. पाइपाची रीत आमच्या जुन्या इंजिनांची, इथे ती वापरू नका. दहा-दहा सेकंदांनी थांबत सेल्फ मारा, सेल्फ तापू देऊ नका.

यवतेश्वर_रोड
ठीक. वॉशर उद्या दुपारी येतायत. गेजचे आकडे इथेच टाकतो.